बारा पावलांवरची गोळीवाली

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. जडीबुटीच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभी आहे मी. तिथं गोड बोलून भागत नाही. गिऱ्हाईक येतं तेच दहा ठिकाणी फिरून, दमून, वैतागून. त्याला जरा दटावलं की त्याचा विश्वास बसतो, असं आपलं माझं मत. त्यामुळे आज जिच्याबद्दल सांगायला बसले आहे तिला मी अकरा वर्षं काय वाट्टेल ते बोलले, हे आधीच कबूल करून टाकते. नंतर कुणी मला धारेवर धरायला नको.

ती म्हणजे आमच्या समोरची औषधवाली. रस्त्याच्या त्या बाजूला तिचं दुकान, या बाजूला माझं. तिच्याकडे काचेची कपाटं, पांढराफटक दिवा, फरशी अशी की पाय ठेवायला लाज वाटावी. माझ्याकडे भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि खणांत सुंठ, ज्येष्ठमध, लवंगा, बडीशेप, मुळं, साली, वाळलेली पानं. मागच्या खोलीत कुटायचं यंत्र, पाच चाळण्या आणि आमचे हे. मी तिला तोंडावर 'मॅडम' म्हणायची आणि पाठीमागे 'गोळीवाली'. पाठीमागे म्हणजे काय, माझा आवाज असा की पाठीमागचं पुढंही ऐकू जातं.

शिडशिडीत बाई. तेव्हा चाळिशीची असेल. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. वडील बूट दुरुस्त करायचे, ही त्याच औषधाच्या दुकानात बाटल्या धुवायला लागली, धुता धुता शिकली, परीक्षा दिल्या, आणि म्हातारा मालक थकला तेव्हा दुकान हिनंच पुढं चालवायला घेतलं. हे मला सगळं मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की ही बाई कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नाही. चिठ्ठी हातात आली की दोनदा वाचायची, एकदा गिऱ्हाइकासमोर आणि एकदा कपाटासमोर. मग खोक्यावर जाड पेनानं चित्र काढायची. सूर्य म्हणजे गोळी सकाळी, चंद्र म्हणजे झोपताना. एका म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं म्हणून सुरू केलं आणि मग सगळ्यांनाच काढून द्यायला लागली. मी म्हणायची, "औषधं विकते का बालवाडी चालवते?" दुकानात हशा पिकायचा.

चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागितली की ती 'नाही' म्हणायची. नुसतं 'नाही'. पुढं मागं काही नाही. मग फुरंगटलेलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचं आणि माझं फावायचं. "या, बसा," मी म्हणायची. "गोळ्या काय, दुखणं दाबून ठेवतात. आणि मनाच्या गोळ्या तर घेऊच नका. त्या घेणारी माणसं कच्च्या मनाची. एकदा लागल्या की जन्मभर मानगुटीवर बसतात." हे मी दिवसातून दहा वेळा बोलायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. मागच्या खोलीचं दार उघडंच असायचं.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे म्हणजे दुकानाची करमणूक. मी दटावायची आणि हे हसवायचे, त्यावर आमचं दुकान चालायचं. कुटून, चाळून झालं की दुपारी बसून पुड्यांसाठी कागद कापायचे. पुड्या बांधायला आम्ही विकतचा कागद कधी आणला नाही. जुन्या वह्या, रद्दी, पत्रकं, काय मिळेल त्याचे हे सारखे चौकोन कापणार आणि माझ्या हाताशी रचून ठेवणार. कागद म्हणून फेकायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेला.

मग दोन वर्षांपूर्वी हे विझत गेले. कारण विचारू नका. सगळे विचारतात. कारण असतं तर मीच ते कान धरून बाहेर काढलं असतं. मुलगी सुखात, तब्येत धडधाकट, दुकान चाललेलं. तरी हळूहळू बोलणं कमी झालं, मग हसवणं, मग जेवण. एकदा सकाळी मी खोलीत गेले तर पलंगाच्या कडेला बसलेले, एक मोजा पायात, एक हातात. म्हटलं, "अहो, आवरा की." मी चहा केला, दुकान झाडलं, खण पुसले, परत आले. दुसरा मोजा हातातच. पाऊण तास झाला होता.

पण घरात वैद्यकीण असल्यावर काय काळजी! माझ्याकडे पिवळं फूल होतं. घाऊक व्यापाऱ्याच्या पोत्यावर 'सेंट जॉन्स वर्ट' असं लांबलचक नाव असतं, पण दुकानात आम्ही पिवळं फूलच म्हणतो. उदास माणसाला त्याचा काढा देतात. मीही कितीकांना दिला आहे आणि काहींना गुण आलेला डोळ्यांनी पाहिला आहे. तो मी ह्यांना दिला. दोन महिने दिला. ह्यांनी निमूट घेतला आणि मोजा हातातला हातातच राहिला. शेवटी हे म्हणाले, "कडू लागतो गं, राहू दे." मीही कंटाळून बंद केला. त्या दिवसांत मी देवाशी भांडले, मुलीशी फोनवर भांडले, ह्यांच्याशीही भांडले. "मन घट्ट करा," म्हणायची. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मात्र हे जरा सावरले. दाढी करायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ जास्त आहे." मला एवढा आनंद झाला! वर्षभर त्यांना मीठ कमी का जास्त हेसुद्धा कळत नव्हतं. मी ताबडतोब अनुमान काढलं की हा पिवळ्या फुलाचाच गुण, उशिरा लागू पडलेला. जडीबुटी सावकाश चढते, हे तर मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. मग काय, मी काढा जोरात पुन्हा सुरू केला. पूर्वीच्या दुप्पट फूल, दिवसातून दोनदा, समोर उभं राहून. हे एकदा म्हणाले, "आता नको ना." मी म्हटलं, "गुण येतोय तोवर सोडायचं नसतं." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि प्यायले. आणि मी गल्लीभर सांगत सुटले.

पाच-सहा दिवसांत ह्यांना घाम सुटायला लागला. हात थरथरायचे, चाळणीतून पूड सांडायची. एका जागी बसवेना. पोट बिघडलं. छाती धडधडते म्हणाले. कुणा परक्या बाईच्या नवऱ्याचं असतं तर मी म्हटलं असतं, डॉक्टरकडे ने. पण आपलं औषध, आपला नवरा. मी म्हटलं, "अंगातली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे." आमच्या धंद्यातलं हे जुनं वाक्य. माणूस बरा झाला तर औषधाचा गुण, बिघडला तर घाण बाहेर पडतेय. औषध कधी चुकतच नाही! आणि मी काढ्यात अजून एक चिमूट वाढवली.

त्याच आठवड्यात एका दुपारी गोळीवाली माझ्या दुकानात आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दिवसभर बोलून घसा बसला होता तिचा, आवाज पार चिरका झालेला. म्हणाली, "काकू, ज्येष्ठमध आहे का?"

अहाहा! माझा चेहरा काय फुलला असेल. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, मी मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं, "या मॅडम, या! गोळीनं नाही का उतरलं?" ती नुसतं हसली. मी ज्येष्ठमधाची पूड पुडीत बांधता बांधता सुरूच. आमचे हे कसे खचले होते, गोळ्याबिळ्या काही नाही, नुसतं पिवळं फूल, दोन वेळा, कसे उठून बसले. तिनं पुडी घेतली, "काका बरे आहेत हे ऐकून बरं वाटलं," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, जिरली.

वीसेक मिनिटांत ती परत आली. समोर बघते तर तिच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. भर दुपारी! ही बाई जेवायलासुद्धा दुकान बंद करत नाही, उभ्या उभ्या दोन घास खाते. हातात माझ्याच पुडीचा कागद, हातानं दाबून सपाट केलेला, त्यावर पुडीचा भुगा अजून चिकटलेला. मला वाटलं, माल खराब निघाला म्हणून भांडायला आली. मी कंबर कसली.

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, हा कागद कुठून आला?"

"रद्दीतला असेल. का?"

"हा औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद आहे. मनाच्या गोळ्यांचा." तिनं चष्मा लावला आणि एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ वाचा."

ओळ अशी होती की या गोळ्या घेताना सेंट जॉन्स वर्ट घेऊ नये. माझ्या पोत्यावरचं नाव. मी आतापर्यंत कितीदा तसल्या कागदात पुड्या बांधल्या असतील, देव जाणे. मऊ, पातळ कागद, घडी सुरेख बसते. हाताला गुळगुळीत लागतो म्हणून मी खूश होते. वाचायला कशाला जाते मी पुडीचा कागद!

"तुमच्याकडे कुणी या गोळ्या घेतं का?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे? गोळ्या?" मी उसळले. "माझ्या घरात? वेड लागलंय का तुम्हाला?"

"असेल मग रद्दीतलाच," ती म्हणाली. जराही न चिडता. "माझी चूक असेल तर मी पाया पडून जाईन. मला फक्त काकांना एकदा बघू द्या."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी बाजूला झाले. मागच्या खोलीत हे खुर्चीवर बसलेले, गुडघे थडथड हलताहेत, शर्ट घामानं चिंब. तिनं त्यांचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं, आणि मला म्हणाली, "काकू, पाणी आणता?" मी पाणी आणायला गेले. आता मला कळतं की पाणी कुणालाच नको होतं. त्यांना माझ्यासमोर बोलता आलं नसतं म्हणून तिनं मला बाहेर काढलं होतं. पेला घेऊन आले तर हे हमसून हमसून रडत होते आणि ती फोनवर गाडी बोलावत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं, माझं फूलही आणि हे मला लपवून घेत होते त्या गोळ्याही, आणि दीड दिवस ठेवून घेतलं. ही गोळीवाली पहिल्या संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी बाकावर बसून होती. मध्येच उठून दुकान बंद करून आली आणि परत बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. आणखी दोन-चार दिवस असंच चाललं असतं तर जिवावर बेतलं असतं." मग ह्यांच्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "जगू नये असं वाटायचं का तुम्हाला?" जसं ताप होता का विचारतात तसं. ह्यांनी मान हलवली. हो म्हणून. मी तिथंच उभी होते. माझ्या हातात ह्यांचे बूट होते.

मागाहून दोघंच असताना मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत हो?"

हे छताकडे बघत म्हणाले, "काय सांगणार? तू रोज दहा जणांना सांगायचीस, गोळ्या घेणारे कच्च्या मनाचे. मी मागे बसून ऐकायचो. शेवटी सहन होईना तेव्हा माल आणायला जातो सांगून लांबच्या डॉक्टरकडे गेलो. सहा आठवड्यांनी मला मीठ लागलं जिभेला. म्हटलं, हिला कळायला नको. जडीबुटीवालीचाच नवरा गोळ्या खातो म्हटल्यावर दुकानाची काय अब्रू राहील?"

"आणि काढा कशाला प्यायलात?"

"तू एवढ्या मायेनं करायचीस."

"आणि तो कागद?"

"हाताला सवय गं. कागद दिसला, कापला. तू कधी वाचतेस पुड्या?"

घ्या! गोळ्यांच्या पट्ट्या लपवल्या, खोकी फाडली, आणि कागद मात्र कायद्याप्रमाणं चौकोन कापून माझ्याच हातात ठेवला. मला रडू आलं आणि हसूही आलं. हेही थोडं हसले. मग म्हणाले, "एक वचन दे. दुकानात कुणाला सांगू नकोस." मी दिलं. माझ्यासारखीनं तोंड बंद ठेवायचं वचन देणं म्हणजे मांजरानं दुधाला न शिवायचं. पण दिलं, आणि पाळलं.

घरी जायच्या आधी मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. अपराधी वाटत असलं की मला राग येतो, तशी मी रागातच होते. म्हटलं, "म्हणजे माझं फूल वाईट, असंच ना?"

त्या म्हणाल्या, "वाईट कोण म्हणतं? उदासी हलकी असेल तर काहींना त्याचा उपयोग होतो, तसं अभ्यासात दिसलं आहे. पण उपयोग होतो तो ते औषध आहे म्हणून. आणि औषध आहे म्हणूनच दुसऱ्या औषधाशी त्याचं जुंपतं. फक्त याच गोळ्यांशी नाही, इतरही बऱ्याच. तुमच्या मिस्टरांची उदासी हलकी नव्हती. त्यांना गोळ्याच हव्यात, आणि आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, सुरूही करायच्या नाहीत. मी सांगेन तेव्हा."

तीस वर्षांत माझ्या मालाला कुणी इतक्या सरळपणे औषध म्हटलं नव्हतं. लोक म्हणतात, 'झाडपाला आहे, अपाय तर नाही ना होणार.' मीही तेच म्हणायची. हात जोडून विकायची, अपाय नाही, अपाय नाही. अपाय न होणारं असतं तर गुण तरी कसा आला असता? एवढी साधी गोष्ट, पण दिव्याखाली अंधार.

गोळ्यांचंही काही जादूचं नव्हतं बरं का. थोडे दिवस थांबून डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या. पहिले तीन आठवडे नुसती झोप आणि तोंडाला कोरड. मी गोळीवालीकडे जाऊन तणतणले, "ही कसली तुमची औषधं!" ती म्हणाली, "काकू, चार-सहा आठवडे लागतात. आणि कोरडीचं डॉक्टरांना सांगा, लपवू नका." तिनं खोक्यावर सूर्य काढला. मी तो सूर्य बघत तिथंच उभी राहिले आणि विचारलं, जे विचारायला मला महिना लागला होता.

"मी तुला काय काय बोलायची, तुला माहीत होतं?"

"ऐकू यायचं काकू," ती म्हणाली. "रस्ता बारा पावलांचा तर आहे."

"मग आलीस कशाला त्या दिवशी?"

तिला प्रश्न कळलाच नाही बहुतेक. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कागद वाचला ना," ती म्हणाली. "वाचल्यावर बसून कसं राहणार?"

एवढंच. ना उपकाराची भाषा, ना टोमणा. मी तिच्या जागी असते तर वर्षभर ऐकवलं असतं. मी तिच्या काउंटरवर डोकं टेकवून रडले, तिच्या त्या चकचकीत काचेवर, आणि तिनं मागून कापसाचा बोळा काढून दिला. रुमाल नव्हता म्हणे.

तेव्हापासून मी तिला 'अगं' म्हणते. दर आठवड्याला एक दुपार ती माझ्याकडे येते, पोत्यावर बसते, सोबत तिचं विटेएवढं पुस्तक. मी एकेक खण काढते आणि ती सांगते, कुठलं कशाबरोबर चालतं आणि कुठलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, ब्लडप्रेशरवाल्यांना ज्येष्ठमध नको. मी म्हटलं, "अगं, मग त्या दिवशी तू कशी घेऊन गेलीस?" म्हणाली, "मला कुठाय ब्लडप्रेशर? ते तुम्हाला आहे." आणि खरंच, मी रोज चहात घालत होते! काही बाबतीत आमचं अजूनही पटत नाही. सुंठीवरून तर आम्ही कडाकडा भांडलो. पण आता प्रत्येक खणावर मी दुसरी चिठ्ठी लावली आहे, कुणाला देऊ नये याची. धंदा काही बुडाला नाही. उलट लोक जास्त ऐकतात. आणि पुड्यांना कोरा कागद आणते. सासऱ्यांनी वरून पाहिलं तर पाहू देत.

तिला मी शंभरदा म्हटलं, तुझे उपकार फेडू कशी. ती म्हणते, "काका कसे आहेत?" तेवढंच विचारते. आणि मी सांगते, काल भात मागून घेतला, परवा मुलीशी अर्धा तास फोनवर बोलले, आज जरा मंद आहेत. ती मान हलवून सगळं ऐकते. माझ्या सख्ख्या बहिणीनं इतकं ऐकलेलं नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात गल्लीतली शिंपीणबाई आणि आणखी एक गिऱ्हाईक. एक तिशीची बाई आली, ऑफिसातून उठून आल्यासारखी, गळ्यात ओळखपत्र तसंच. खालच्या आवाजात म्हणाली, "ते उदासीवरचं पिवळं फूल आहे ना तुमच्याकडे?"

मी खण उघडला नाही. विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"नाही नाही," ती झटकन म्हणाली. "मी तसल्या नाही घेत." आणि शिंपीणबाईकडे पाहिलं.

असली 'नाही' मी आता ओळखते. आमच्या घरात दोन महिने राहिली आहे ती. सांगायचं होतं ते एकच होतं, आणि ते न सांगायचं मी वचन देऊन बसले होते. जीभ दाताखाली धरली मी, खरंच धरली, दुखेपर्यंत.

तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात हे येऊन उभे राहिले. हातात चाळणी, हात भुकटीनं पांढरे झालेले. आजारी पडल्यापासून हे गिऱ्हाईक असताना पुढं आले नव्हते. एकदाही नाही.

"मी घेतो तसल्या," हे म्हणाले. मोठ्यानं. "रोज सकाळी एक. हिच्या फुलाबरोबर घेतली आणि मरता मरता वाचलो. तुम्ही घेत असाल तर हिला सांगा. ही ओरडते, पण चांगली आहे."

शिंपीणबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. ह्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. ती ऑफिसातली बाई ह्यांच्याकडे वळली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "बरं वाटतं का त्यानं?"

ह्यांनी चाळणी काउंटरवर ठेवली. खोटं आता पुरे झालं होतं त्यांना. "रोज नाही वाटत," म्हणाले. "पण पूर्वी मला तुमच्याशी हे बोलता आलं नसतं."

तिनं पर्स उघडली आणि गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली. अर्धी संपलेली. "परवापासून बंद केल्यात," ती म्हणाली. "घरी कुणाला माहीत नाही."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल. समोर आपली एक आहे, ती आधी तुझ्या डॉक्टरांना फोन लावेल." हॉस्पिटलातून आल्यापासून मी ह्यांना नजरेआड होऊ दिलं नव्हतं, समोर गेले तरी डोळे आमच्याच दारावर. आंघोळीला गेले तरी दाराला कान लावून उभी राहायची. त्या दुपारी मी ह्यांना म्हटलं, "जरा दुकान बघा हो," आणि मागं वळून न बघता तिला घेऊन रस्ता ओलांडला.